जम्बोतली बिरूभाऊंची जागा

आमच्या शेळीचं करडू विमानाच्या खिडकीतून डोकं बाहेर काढतं आणि ओरडतं. शनिवारी मी बारामतीहून इंदापूरला घरी येते, तेव्हा पहिली हाक त्याचीच असते.

शेळ्यांच्या खोपटाचं दार म्हणजे एका जेट विमानाचा मधला तुकडा. प्लायवूडचा. पांढऱ्याचं पिवळट झालंय, खालची लाल पट्टी शेळ्यांनी अंग घासून घासून पुसून टाकलीय, पण खिडक्या शाबूत आहेत. स्वयंपाकघरातला माळा हा त्याच विमानाचा डावा पंख. त्यावर अम्मी पापडांचे डबे, गोधड्या, सणावाराची मोठी पातेली ठेवते. "पंखावरचा डबा काढ गं," हे वाक्य आमच्या घरात कुणाला वेगळं वाटत नाही. कॉलेजात असताना एक मैत्रीण जेवायला आली होती, तिला ते ऐकून ठसका लागला.

आणि ओसरीत, भिंतीला टेकून, आत्ताआत्तापर्यंत जम्बो उभं होतं.

त्याचं तोंड भिंतीकडं होतं. गल्लीतून जाणाऱ्याला नुसती पाठ दिसायची: उभ्या-आडव्या पट्ट्या, वाकवलेले खिळे, फाटलं तिथं मारलेलं पोतं. एखादं माणूस घरात काही झाल्यावर भिंतीकडं तोंड करून निजतं, तसं. अब्बांनी ते स्वतःच्या हातानं फिरवलं. लाजेच्या गोष्टी बोलून दाखवायची आमच्याकडं पद्धत नाही. त्या फिरवून ठेवतात.

मी बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगायची संधी मी सोडत नाही. घ्या, इथंही सांगितलं. बारामतीत दुधाच्या धंद्यातल्या एका ऑफिसात हिशेब बघते. सरकारनं आपली विमान कंपनी का विकली याची कारणं मी अब्बांना घडाघडा म्हणून दाखवू शकते. पण कारणांनी लाज उतरत नाही. म्हणून कारणं लिहीत नाही. वास लिहिते.

पहिला वास खळीचा. गव्हाच्या पिठाची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे उंदीर कागद खाणार नाहीत. आमचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, मोहरमचे ताबूत बांधायचे. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, बेगड, दोऱ्याच्या गाठी. गावातले निम्मे हिंदू त्या ताबुतापुढं नवस बोलायचे आणि निम्मे मुसलमान बाकीचं वर्ष दादांकडून लग्नाचे मांडव सजवून घ्यायचे. त्यांनीच एका वर्षी, कॅमेरा घेतल्यावर, जत्रेतल्या फोटोच्या तंबूसाठी विमान बांधलं. ताबुताचा हात असलेल्या माणसानं बांधलेलं विमान. कामट्यांचा सांगाडा, वर कागद, नाकाला आणि पंखांवर पंखे, शेपटीला बेगडाची झालर. खऱ्या विमानाला झालर नसते हे त्यांना माहीत होतं. "नसंना," ते म्हणायचे, "आपल्याकडं हाय."

ते कागदी विमान मी पाहिलं नाही. पिंपळीच्या माळावर एका वावटळीत ते खरोखरच उडालं आणि कुणाच्या तरी बाभळीत अडकलं. अब्बा सांगतात, दादा बाभळीखाली उभे राहून हसत होते आणि म्हणत होते, "उडालं की रं!"

खरं विमान कसं दिसतं हे आमच्याकडं यायचं ते कॅलेंडरातून. अब्बांचे चुलतभाऊ सलीमचाचा मुंबईच्या विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होते. दर वर्षी नवं साल लागलं की ते सरकारी विमान कंपनीच्या कॅलेंडराची एक गुंडाळी घेऊन यायचे. त्या गुळगुळीत कागदाचा वास, रॉकेलसारखा पण गोडसर, आमच्यासाठी विमानाचा वास होता. कॅलेंडर भिंतीला लागायचं नाही, आधी जमिनीवर पसरलं जायचं. दादा पोटावर पालथे पडून ते बघायचे. कंपनीनं नवं विमान घेतलं की ते असं आमच्या जमिनीवर उतरायचं, आणि काही महिन्यांनी इंदापूरच्या उरुसात, माळेगावच्या साखर कारखान्याच्या बाजारात, लोणी भापकरच्या जत्रेत उभं राहायचं. पंखे गेले, जेट आलं. जेटांना हिमालयातल्या शिखरांची नावं होती म्हणे. दादांनी आपल्या जेटला कुठलं नाव द्यावं यावर घरात भांडण झालं आणि शेवटी नाव न देताच ते रंगवलं गेलं. तेच आता करडाचं दार.

मग जम्बो आलं. त्या वर्षीचं कॅलेंडर दादा कितीतरी वेळ नुसते बघत बसले होते, असं अब्बा सांगतात. दुमजली विमान. आणि खिडक्यांभोवती लाल महिरपी! महालाच्या झरोक्याला असतात तशा. दादांनी अब्बांना हाक मारली, महिरपीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बघ. त्यांनी बी ताबूतच बांधलाय."

आमचं जम्बो त्या दोघांनी मिळून रंगवलं. त्याचा वास ऑइल पेंटचा आणि टर्पेंटाइनचा. मागं लांब बाकडं, बाकड्यावर माणसं बसणार, चेहरे महिरपींच्या खिडक्यांतून बाहेर. वरच्या मजल्याची खिडकी लहान होती, तिच्यात फक्त तान्ही बाळं मावायची. आई मागं स्टुलावर उभी राहून दोन्ही हातांनी बाळ वर धरायची आणि स्वतः दिसू नये म्हणून खाली वाकायची. बारामती-इंदापूर तालुक्यांत अशी किती घरं असतील, जिथं एक बाळ जम्बोच्या वरच्या मजल्यात एकटंच बसून रडतंय असा फोटो भिंतीला आहे.

मी त्या तंबूत वाढले. जत्रेचा तो सगळा कल्लोळ माझ्या कानात आहे: पाळण्याची करकर, गोडीशेवेच्या कढईची चुरचूर, पिपाण्या, लाउडस्पीकरवर हरवलेल्या पोराचं नाव. आणि त्या सगळ्यावर अब्बांचा आवाज. दादा गेले होते, आवाज आता अब्बांचा होता, पण शब्द दादांचेच:

"बसा, बसा! आपलंच विमान हाय! सरकारचं म्हंजी तुमचं! कुनाच्या बापाचं न्हाय!"

लोक यायचे. ऊसतोडीची बाया-माणसं कारखान्यावरून थेट यायची, अंगाला उसाच्या पाचटाचा आणि मळीचा वास, हातांना चिरा. बायका खिडकीत बसण्याआधी डोक्यावरचा पदर नीट करायच्या. पुरुष टोपी काढू का ठेवू असं विचारायचे. कुणीतरी हटकून म्हणायचं, "आपलं हाय तर मग सातबारा दाखवा की भाई!" आणि अब्बा कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढून म्हणायचे, "सातबाऱ्यावर सगळ्यांचीच नावं हायती. लई हायती म्हनून उतारा निघंना!"

हशा पिकायचा, आणि त्या हशातच फोटो निघायचा. आमच्या फोटोंतली माणसं हसतायत ती याच्यामुळं. बाकीच्या तंबूंतल्या फोटोंत माणसं पोलिसांनी धरल्यासारखी बसलेली असायची.

लोकांची एक सवय मात्र अब्बा कधी मोडू शकले नाहीत. आमच्याकडं एसटी आली की माणूस दाराकडं जात नाही, आधी खिडकीकडं जातो आणि आत रुमाल टाकतो. टोपी, पिशवी, उपरणं, एकदा तर मी चप्पल टाकलेली पाहिली आहे. रुमाल पडला की ती जागा तुमची. मग म्हातारी चढो नाहीतर फौजदार चढो, रुमालावर कुणी बसत नाही. जम्बोपुढं गर्दी झाली की लोक तेच करायचे. रांग-बिंग काही नाही, बाहेरूनच महिरपीच्या खिडकीत रुमाल पडायचे. काही गडी तर रुमालापाठोपाठ खिडकीतूनच आत शिरायचे. पोत्याची ठिगळं आहेत ती त्यांचीच.

त्यातलं सगळ्यात मोठं ठिगळ बिरूभाऊंचं.

बिरूभाऊ लोणी भापकरकडचे, मेंढरंवाले. उरुसाच्या दिवसांत त्यांची मेंढरं आमच्या बाजूच्या कुणाच्या तरी रानात खतासाठी बसवलेली असायची. जम्बोचं ते पहिलंच वर्ष होतं आणि बिरूभाऊंचं लग्नाचं पहिलंच वर्ष. नवी बायको, सगुणाकाकी, बरोबर. त्यांनी गर्दी पाहिली, डोक्याचा लाल पटका सोडला आणि खिडकीत फेकला. शेजारच्या खिडकीत काकीला जागा आधीच मिळाली होती. मग ते खिडकीतून आत शिरायला गेले आणि प्लायवूड कडकन मोडलं. अर्धे आत, अर्धे बाहेर. अब्बा ओरडायच्या आधी बाहेरून कुणीतरी दुसरंच ओरडलं, "बिरूऽऽ! मेंढरं घुसली उसात!"

बिरूभाऊ होते तसे मागं ओढले गेले, पटका उचलला आणि पळत सुटले. काकी त्यांच्या मागं. फोटो राहिला. अब्बांनी मागून हाक दिली, "तुमची शीट राखून ठिवतो!"

हे सगळं माझ्या जन्माआधीचं. पण पुढचं मी दर वर्षी पाहिलंय. उरुसात गर्दीच्या पार पलीकडून, घोंगडी खांद्यावर टाकलेला एक उंच माणूस हात वर करून ओरडायचा, "भाई, शीट हाय का?"

आणि अब्बा हातातलं काम टाकून ओरडायचे, "तुमच्याच नावावर हाय!"

एवढंच. ते कधी येऊन बसले नाहीत. मेंढरं कुणाच्या भरवशावर सोडून यायची? काकी त्यांच्या बाजूला तोंडाला पदर लावून हसत उभी असायची. मला वाटायचं, ही मोठी माणसं किती वर्षं एकच विनोद करणार. आता वाटतं, तो विनोद नव्हताच. वर्षातून एकदा एकमेकांची खुशाली विचारायची ती रीत होती.

लाज म्हणाल तर मलाही वाटायची, पण ती वेगळी. शाळेत मला 'खोट्या विमानाची पोरगी' म्हणायचे. कुठल्या वर्गात वडिलांचा धंदा विचारला की माझे कान तापायचे. विमान आहे आणि उडत नाही. तंबूला कंपनी म्हणायची आणि चार बांबू, एक ताडपत्री. बारामतीच्या धावपट्टीवरून शिकाऊ विमानं उडायला लागली तेव्हा तर आणखीच. ती टिचभर विमानं डोक्यावरून घों घों करत गेली की पोरं माझ्याकडं बघून हसायची. अब्बा मात्र मान वर करून ती बघायचे आणि मायेनं म्हणायचे, "ल्हान हाय अजून."

कॅलेंडरं येत राहिली. विमानं वाढत गेली, आणखी मोठी, आणखी नवी. प्लायवूड परवडेना, म्हणून जम्बो तेच राहिलं. शेपटीवरचं चित्र बदललं की अब्बा आपल्या विमानाची शेपूट खरवडून नवं चित्र काढायचे. देशातल्या देशात उडणारी दुसरी सरकारी कंपनी आपल्या या कंपनीत मिळाली, त्या दिवशी त्यांनी गल्लीला चहा पाजला. "दोन भावांची चूल एक झाली," म्हणाले. मोबाइल आले, फोटोला गिऱ्हाईक उरलं नाही, तरी उरुसात जम्बो उभं राहायचं. पोरं येऊन आपापल्या मोबाइलवर फोटो काढायची. अब्बा त्यांनाही म्हणायचे, बसा, आपलंच हाय.

ऑफिसच्या कामासाठी मी एकदा त्या कंपनीच्या विमानानं दिल्लीला गेले. आमच्या घरातली, बहुतेक आमच्या गल्लीतलीही, विमानात बसलेली मी पहिली. खिडकीला महिरप नव्हती. खिडकी एवढीशी, आणि वास थंड, कशाचाच नाही. घरी आले तर अब्बांनी एकच विचारलं.

"बसा म्हनले का?"

"दारात बाई होती. हात जोडून नमस्कार केला."

"मग बास," अब्बा म्हणाले. त्या रात्री ते पोटभर जेवले.

आणि मग ती बातमी. चौकात गणपतरावांचं चहाचं दुकान आहे, तिथल्या टीव्हीवर ती आली. गणपतराव म्हणजे अब्बांचे जन्माचे सोबती, त्यांची सगळी लेकरं जम्बोच्या वरच्या मजल्यात बसलेली. चहा गाळता गाळता ते म्हणाले, "काय भाई, विमान इकलं म्हनं? आन आमाला इचारलं बी न्हाय? सातबाऱ्यावर आमची नावं हुती की!"

सगळे हसले. गणपतरावांच्या मनात काही नव्हतं. हा विनोद त्यांना अब्बांनीच शिकवलेला. पण अब्बांना तो झेपला नाही. अर्धा चहा तसाच ठेवून ते उठले, घरी आले आणि जम्बोचं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी त्यांना समजवायला गेले. म्हटलं, अब्बा, ज्या घराण्याकडून सरकारनं ही कंपनी घेतली होती, त्याच घराण्याकडं ती परत गेलीय. परक्या हातात नाही गेली. माहेरी गेली म्हणा.

"माहेरी परत गेली," अब्बा म्हणाले. "म्हंजी सासरचं काय धड न्हवतं." मग म्हणाले, "लेक अशी परत गेली की मान कुनाची खाली जाती? माहेरची का सासरची?"

सासर म्हणजे आपण. हे मला बी.कॉम.मध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर अब्बा गणपतरावांच्या चौकातून जायचे बंद झाले. मशिदीत जायलाही मागच्या गल्लीनं. उरूस आला आणि गेला, तंबू लागला नाही. बाजारात कुणी भेटलं की ते रस्ता ओलांडायचे. मी म्हणायचे, अहो, कुणी तुम्हाला विचारत नाहीये. ते म्हणायचे, "इचारत न्हाईत म्हनून तर. पन्नास गावांत सांगत फिरलो मी, तुमचंच हाय म्हनून. आता कुनाकुनाला तोंड दाखवू?" लहानपणी विमान खोटं म्हणून मी कान लाल करून घ्यायचे. आता खरं गेलं म्हणून म्हातारा बाप मागच्या गल्लीनं जात होता, आणि मला तोंड वर करून काही सांगता येत नव्हतं. पहिली लाज वाढत्या अंगाबरोबर गेली. ही जात नाही.

मग एका शनिवारी मी घरी पोचले तर ओसरीत एक म्हातारी बसलेली. अंगावर इरकली लुगडं, पायांत धुळीनं पांढऱ्या झालेल्या वहाणा, मांडीवर कापडी पिशवी. कपाळ मोकळं. अम्मी तिला पाणी देत होती. अब्बा आत, दाराआड.

"ही थोरली का?" तिनं अम्मीला विचारलं. "मोप शिकली म्हनं."

डोळ्यांवरून ओळखलं. सगुणाकाकी. तोंडाला पदर न लावता मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. बिरूभाऊ गेल्याचं आम्हाला कळलंच नव्हतं. चार घरी फिरून आल्यावर माणूस हवा-पाण्याचं बोलतं तशी ती बोलली, "पावसाळा झाला आन गेलं. झोपंतच. काय तरास न्हाय दिला." मग आतल्या दाराकडं तोंड करून जोरात म्हणाली, "भाई! ऐकलं का न्हाय? म्या एसटी बदलून आलीया. भायेर या."

अब्बा आले. चौकटीला धरून उभे राहिले.

"त्येंची शीट हाय ना हितं?" काकी म्हणाली. "फोटू काडायचा हाय. माजा आन त्येंचा."

अब्बांनी तिच्याकडं पाहिलं नाही. जम्बोच्या पाठीकडं पाहत म्हणाले, "वैनी, ती शीट द्यायचा हक माजा ऱ्हायला न्हाय."

"का?"

"विमान इकलं."

काकीनं भिंतीला टेकलेल्या पट्ट्यांकडं पाहिलं. "ह्ये काय हितंच तर हाय."

"ह्ये न्हवं. खरं. सरकारनं इकलं."

"मग?"

"मग काय! आपलं हाय, आपलं हाय म्हनून बसिवलं मी लोकास्नी. बिरूभाऊंस्नी शबुद दिला. आता कुनाच्या जीवावर बसा म्हनू?" मी खाली बघितलं. अम्मी उगाचच तांब्या पुसायला लागली.

काकीनं मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग पिशवीचं तोंड सोडता सोडता म्हणाली, "आमची मेंढरं इकली तवा ह्ये बी असंच भिताडाकडं तोंड करून बसलं हुतं. पोरं म्हनली, शेती करा, मेंढरात काय हाय. इकली. ट्रकात भरून नेली. गावात तोंड दाखवंनात. म्हनायचं, बापानं राखलेली म्या इकली. म्या लई ऐकून घेतलं. मग म्हनलं, भिताड काय पळून चाललंय व्हय? आदी जेवून घ्या, मग बसा पुना तोंड करून."

अम्मीला हसू आलं. अब्बांना नाही.

"मग उठले?" मी विचारलं.

"जेवायला उठलं. मग पुना बसलं," काकी म्हणाली. "पर रोज जेवायला उठावंच लागतं की गं."

तिनं पिशवीतून घडी केलेला लाल पटका काढला. धुऊन धुऊन मऊ झालेला, घडीच्या जागी विरलेला. लोकरीचा, घामाचा, डांबराच्या गोळ्यांचा वास ओसरीत पसरला. तिनं तो अब्बांच्या हातात दिला नाही. मांडीवर ठेवून बसली. "मरायच्या आदी ह्येनी काय मागितलं न्हाय," ती म्हणाली. "म्याच मागतीया. लगीन झाल्यापास्नं फोटू न्हाय आमचा एक बी. आता बगा तुमी."

अब्बांनी चौकट सोडली. मग त्यांनी मला खूण केली.

आम्ही दोघांनी जम्बो फिरवलं. भिंतीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ पांढरा डाग राहिला होता. दर्शनी बाजूवर कोळिष्टकं, महिरपींचा लाल रंग विटकरीसारखा झालेला, शेपटीवरचं चित्र पोपडे धरून लोंबत होतं. अंगणात उजेडात आणलं तर ते इतकं जुनं दिसलं की मला बघवेना. गल्लीतली दोन-चार माणसं थांबली. अब्बांनी मान खाली घालूनच मागं बाकडं मांडलं.

काकी खिडकीत बसली. त्याच खिडकीत, ठिगळाच्या शेजारच्या. पदर सारखा केला. मग हात लांब करून तिनं शेजारच्या खिडकीत पटका ठेवला, त्याचं एक टोक महिरपीतून बाहेर सोडलं. एसटीत सोडतात तसं, बाहेरच्याला दिसावं म्हणून.

जुना कॅमेरा कधीच बंद पडलाय. अब्बांनी माझा मोबाइल घेतला, दोन्ही हातांनी छातीशी धरला. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं, "बसा, बसा..." आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. गल्लीतली माणसं वाट बघत होती. मला वाटलं, कुणीतरी आता सातबाऱ्याचं काढणार. माझे कान शाळेतल्यासारखे तापले.

"बसलीया की," काकी खिडकीतून म्हणाली. "काडा आता. एसटी जाईल माजी."

अब्बांनी फोटो काढला. एकच. त्यात काकी हसत नाहीये. आमच्या विमानातला न हसणाऱ्या माणसाचा बहुतेक हा एकटाच फोटो. शेजारच्या खिडकीत लाल पटका, आणि त्याच्या मागं ओसरीतला अंधार.

मी तो तिच्या मुलाच्या मोबाइलवर पाठवला. बारामतीत मोठा करून आणते असंही सांगितलं. अम्मीनं तिला भाकरी बांधून दिली. तिला एसटीत बसवून मी परत आले तेव्हा दिवस मावळत होता आणि अब्बा जम्बो पुन्हा भिंतीकडं फिरवायला निघाले होते. एक बाजू त्यांनी उचलली होती. मी दुसरी धरायला पुढं झाले.

पटका तिथंच होता. महिरपीच्या खिडकीत, टोक बाहेर. काकी विसरणारी बाई नव्हे.

अब्बांनी हात लांब केला, तो उचलायला. उचलला नाही. आमच्याकडं रुमालाला कुणी हात लावत नाही.

"भाई!" गल्लीतून हाक आली. गणपतराव, हातात चहाची किटली. किती दिवसांनी आमच्या दारात. त्यांनी जम्बो बघितलं, पटका बघितला. "कुनाची शीट?"

अब्बांची मान खालीच होती. तशीच खाली ठेवून ते म्हणाले, "बिरूभाऊंची."

गणपतरावांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. "मग ऱ्हाऊ द्या तसंच," म्हणाले आणि पायरीवर बसून चहा ओतायला लागले.

जम्बो आता अंगणात आहे, तोंड गल्लीकडं. अब्बा त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसतात. कुणी आलं की अजून जमिनीकडंच बघून बोलतात. चौकातून मात्र जातात, आणि 'आपलंच हाय' असं म्हणत नाहीत.